गप्प खडा, बोलका खडा

अगं, जावईबापूंच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि ते ॲक्रोमेगॅलीच्या इंजेक्शनमुळेच झाले म्हणून आता पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय, हे तू सांगितलंस. असलं काही फोनवर घाईघाईत बोलण्यासारखं नसतं, म्हणून सविस्तर लिहून पाठवते. त्यांनाही वाचायला दे, तुझ्या सासूबाईंनाही वाचून दाखव, कारण घरात पथ्यपाण्याचा शब्द त्यांचाच चालतो.

आधी उत्तर सांगते, मग कारण. पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेला घ्यायचं. डॉक्टरांशी बोलायचं ते जरूर बोला, पण आपल्या मनाने तारीख चुकवायची नाही. खडे इंजेक्शनमुळे झाले हे जावयांचं म्हणणं खरं आहे, त्यांना कुणी वेड्यात काढू नये. पण इंजेक्शन बंद केलं म्हणजे खड्यांचा प्रश्न मिटला, ही समजूत चुकीची आहे. उलट गप्प बसलेले खडे इंजेक्शन सुटल्यावर बोलायला लागतात. ते कसं, ते पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. पण माझी नोकरीची बरीचशी वर्षं हॉर्मोनच्या आजारांच्या वॉर्डात गेली. तुझ्या नवऱ्यासारखे पेशंट मी जवळून पाहिलेत. अंगठी बोटात शिरेनाशी होते, चपलेचा नंबर वाढत जातो, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो, घाम थांबत नाही, रात्री घोरण्याने घर जागं राहतं. हे इतकं सावकाश होतं की रोज बघणाऱ्याला कळत नाही. लग्नातला फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की मग धस्स होतं. ॲक्रोमेगॅली हे नाव या आजाराला पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरने १८८६ साली दिलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात एक गाठ होते, बहुतेक वेळा कॅन्सरची नसलेली, आणि ती वाढीचं हॉर्मोन बेसुमार सोडत राहते. हाताचे पंजे नि चेहरा वाढतो ते डोळ्यांना दिसतं. पण हृदयही जाड होतं, रक्तदाब चढतो, साखर वाढते, झोपेत श्वास अडकतो, मोठ्या आतड्यात कोंब येतात, ते दिसत नाही. आयुष्य कमी करतात ते हे न दिसणारे बदल. हॉर्मोन ताब्यात आलं की आयुर्मान पुन्हा चारचौघांच्या जवळ येतं. जावयांचं नाकातून ऑपरेशन झालं, गाठ बरीचशी निघाली, तरी रक्तातला आयजीएफ-वन, म्हणजे वाढीच्या हॉर्मोनचा मापक, चढाच राहिला, म्हणून हे दर चार आठवड्यांचं इंजेक्शन सुरू झालं. ते कशासाठी चाललंय याचा विसर पडू देऊ नका. खडे रिपोर्टात दिसतात म्हणून मोठे वाटतात, आणि हॉर्मोन दिसत नाही म्हणून लहान वाटतं. खरी गोष्ट याच्या उलट आहे.

आता या औषधाचं थोडं. आपल्या शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचं एक हॉर्मोन असतं. त्याचं मुख्य काम दुसऱ्या हॉर्मोनांना थांबवणं. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गियमँ यांच्या प्रयोगशाळेने ते ओळखलं, आणि मेंदूतल्या हॉर्मोनांवरच्या कामासाठी गियमँ यांना १९७७ चं नोबेल मिळालं. पण ते रक्तात दोन-तीन मिनिटंच टिकतं, त्यामुळे औषध म्हणून त्याचा उपयोग नव्हता. मग स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे सँडोझ कंपनीतल्या विल्फ्रिड बाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं आखूड, टिकाऊ रूप बनवलं. मूळ साखळी चौदा अमिनो ॲसिडांची, ही आठांची. ते १९८२ साली प्रसिद्ध झालं. तेच ऑक्ट्रिओटाइड. अमेरिकेत १९८८ साली त्याला परवानगी मिळाली. सुरुवातीला दिवसातून तीन तीन वेळा पोटावर टोचावं लागायचं. पेशंटच्या पोटाची चाळण झालेली मी पाहिली आहे. आता महिनाभर झिरपत राहणारं औषध कमरेच्या स्नायूत एकदाच देतात. लॅनरिओटाइड म्हणून दुसरं आहे, तेही याच जातीचं.

हे औषध वाढीच्या हॉर्मोनला थांब म्हणतं, तसंच पोटातल्या बऱ्याच गोष्टींनाही थांब म्हणतं. यकृतात तयार झालेलं पित्त पित्ताशयात साठतं. आपण तूप-तेलाचं काही खाल्लं की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हॉर्मोन सुटतं, पित्ताशय आकसतं आणि साठलेलं पित्त आतड्यात उतरतं. इंजेक्शनमुळे ते हॉर्मोन कमी सुटतं आणि पित्ताशयही सुस्त पडतं. पिंपातलं पाणी रोज उपसलं नाही की तळाला गाळ बसतो, तसा आधी गाळ साचतो. सोनोग्राफीवाले त्याला स्लज म्हणतात. मग त्याचे कण जमून खडे. शिवाय आतडीही मंद चालतात, त्यामुळे पित्ताच्या घटकांवर जंतूंना काम करायला जास्त वेळ मिळतो, आणि परत येणाऱ्या पित्तात कोलेस्टेरॉल जास्त सुटतं. म्हणून या औषधाचे खडे बहुधा कोलेस्टेरॉलचे, बारके आणि पुष्कळ असतात. जावयांच्या रिपोर्टात "मल्टिपल, स्मॉल" लिहिलंय ना, ते याचमुळे.

हे किती जणांना होतं? औषधाच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकातच आकडा दिलेला आहे. वर्षभर किंवा त्याहून जास्त औषध घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांना खडे किंवा गाळ दिसला. महिनाभर किंवा कमी घेतलेल्यांत खडे दोन टक्क्यांहूनही कमी जणांना. म्हणजे दोनातल्या एकाला होणारी ही गोष्ट आहे. तुमच्या नशिबी काही वेगळं, वाईट आलंय असं मुळीच नाही. इंजेक्शन सुरू करतानाच कुणी हे समजावून सांगितलं असतं तर आज घरात रडारड झाली नसती, याचं मला फार वाईट वाटतं. पुष्कळ ठिकाणी नेमकं हेच सांगायचं राहून जातं. पण त्याच आकड्याच्या मागची दुसरी बाजूही धरून ठेव: खडे झालेल्यांपैकी बहुतेकांना त्यांचा काहीच त्रास होत नाही. डॉक्टर त्यांना सायलेंट स्टोन म्हणतात. गप्प खड्याला ऑपरेशन लागत नाही, औषध बंद करावं लागत नाही, फक्त तो आहे हे लक्षात ठेवावं लागतं.

आता ते इंजेक्शन सोडण्याचं. हे नीट वाच, कारण वॉर्डात सगळ्यात जास्त घोळ इथे होताना मी पाहिला. औषध चालू असताना पित्ताशय सुस्त असतं, त्यामुळे खडे आपल्या जागी पडून राहतात. औषध बंद झालं, त्याचा अंमल उतरला, की पित्ताशय पुन्हा जोराने आकसायला लागतं. आत आधीच बारीक खड्यांचा ढीग. तो ढकलला जातो तो थेट बारक्या नळीत. मग पोटात कळ येते, पित्ताशयाला सूज येते, खडा खालच्या मोठ्या नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंड सुजतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २००७ साली आपल्या ॲक्रोमेगॅलीच्या पेशंटांबद्दल हेच लिहून ठेवलं, की औषध थांबवल्यानंतर पित्ताच्या तीव्र दुखण्याचा धोका वाढतो. म्हणून पैशांची ओढाताण झाली, कंटाळा आला, गावाला जायचं होतं, कुणी शेजाऱ्याने सांगितलं, यांपैकी कुठल्याही कारणाने परस्पर इंजेक्शन थांबवायचं नाही. डॉक्टरांनीच औषध बदलायचं किंवा थांबवायचं ठरवलं, तर त्या दिवशी स्वतःहून आठवण कर: "डॉक्टर, यांच्या पित्ताशयात खडे आहेत, आता काय लक्ष ठेवायचं?" पुढचे काही महिने पोटाच्या दुखण्याकडे जास्त काळजीने बघायचं.

दुखणं ओळखायचं कसं, ते आता. या इंजेक्शननंतर पहिले काही दिवस पोट बिघडतंच. गॅस, मुरडा, पातळ शौच, कधी फिकट, तेलकट शौच. तो मुरडा बेंबीभोवती, येतो नि जातो, शौचाला झालं की हलकं वाटतं. सुरुवातीच्या महिन्यांत जास्त असतो, पुढे कमी होतो. त्याला घाबरायचं नाही. खड्याची कळ वेगळी. ती उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध येते, येऊन थांबते, कमीजास्त न होता तशीच धरून राहते, अर्धा तास, कधी तीन-चार तास. पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या पात्यात जाते. बऱ्याचदा जड जेवणानंतर, रात्री. माणूस कुशी बदलत राहतो, कुठेच आराम पडत नाही, उलट्या होतात.

आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते मला ठाऊक आहे. पित्त झालं असेल म्हणून आमसुलाचं पाणी, सोडा, गार दूध, पुडीतलं चूर्ण, आणि मग पहाटेपर्यंत वाट बघणं. हे करू नका. कळ पहिल्यांदा आली आणि तासाभरात गेली, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाच-सहा तास झाले तरी थांबत नाही, किंवा कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा डोळे पिवळे दिसले, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. आणि जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाईन लावून बसू नका. जिथे सर्जन आहे, सोनोग्राफी आहे, अशाच ठिकाणी जा. जाताना पोटात अन्न घालू नका, ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. घरी एखादी गोळी दिली असेल तर तिचं नाव आणि वेळ कागदावर लिहून घे.

आणखी एक. जावयांना रक्तदाब आहे, साखर आहे. अशा माणसाला छातीच्या खाली मधोमध दुखलं, घाम फुटला, जीव घाबरा झाला, तर आधी ईसीजी. खडे आहेत हे माहीत असल्यामुळे सगळं दुखणं खड्यांच्या नावावर टाकायचा मोह होतो. हृदयाचं दुखणंही तिथेच बोलतं.

डोळे बघण्याबद्दल आमच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरांनी मला जे शिकवलं ते तुला देते. त्या म्हणायच्या, पोट दुखतंय म्हणणाऱ्याचे डोळे दिवसाउजेडी बघ, खिडकीशी नेऊन. पिवळ्या बल्बखाली कावीळ लपते. वरची पापणी बोटाने जरा उचलायची, माणसाला खाली पायाकडे बघायला सांगायचं, आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग पाहायचा. बहुधा तिथे आधी पिवळेपणा दिसतो. रात्री शंका आली तर मोबाइलचा पांढरा टॉर्च बाजूने धर, डोळ्यांत थेट मारू नकोस. लघवीचाही रंग विचार. चहाच्या रंगाची लघवी आणि मातकट पांढुरकी शौच, ही जोडी दिसली की नळीत काहीतरी अडकलंय असं समज. हे बायकोनेच विचारावं लागतं. पुरुष आपणहून सांगत नाहीत.

आता खाण्यापिण्याचं. सासूबाईंनी तूप-तेल पूर्ण बंद केलंय म्हणालीस. त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नकोस, पण त्यांना हे सांग. पित्ताशयाला आकसायला थोडी चरबी लागते. वरणभातावर चमचाभर तूप, भाजीला नेहमीची फोडणी, एवढं चालतं. टाळायचं ते एका बैठकीत भरपूर तेलकट: वडे, भजी, पुरीचं जेवण, मटणाच्या तवंगाचा रस्सा. रोज बेताचं आणि वेळेवर हे यातलं सगळ्यात कामाचं पथ्य आहे.

त्याहूनही महत्त्वाचा उपास. पोट दीर्घकाळ रिकामं राहिलं की पित्त तसंच साठून राहतं. जावई नवरात्राचे नऊ दिवस नुसत्या पाण्यावर करतात हे मला आठवतं. ते या वर्षी नको. श्रद्धा मोडायची नाही, फळं आणि दूध घेऊन, दिवसातून चारदा थोडं थोडं खाऊन उपास करू दे. सगळ्यात वाईट म्हणजे दिवसभर कडकडीत आणि रात्री साबुदाणा खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी पोट फुटेस्तोवर. एकादशीनंतरच्या सकाळी कळा घेऊन आलेले पेशंट आम्हाला नवे नव्हते. वजन कमी करायच्या नादात महिन्याभरात सात-आठ किलो उतरवणंही तसंच, झपाट्याने वजन उतरलं की खडे आणखी वाढतात. सावकाश उतरवलेलं वजन मात्र साखरेला आणि घोरण्यालाही चांगलं.

गावाकडचे उपाय सुरू झालेच असतील. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, भरपूर पाणी, आणि काही जण तर बिअर सुद्धा सांगतात. हे सगळं मुतखड्यासाठी सांगितलं जातं. मूत्रपिंडातून लघवीची वाट आहे. पित्ताशयाचा खडा तिकडे जातच नाही, तो दुसऱ्याच घरातला आहे. कुळथाचं पिठलं आवडीने खा, पण खडा विरघळेल म्हणून खाऊ नका. मोबाइलवर फिरणारा ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाचा उपायही कुणीतरी पाठवेलच. रात्री ते पितात आणि सकाळी शौचातून हिरवट गोळे पडतात, त्याला खडे पडले असं म्हणतात. २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांची तपासणी छापून आली होती. ते खडे नव्हतेच. तेल आणि लिंबाचा रस यांपासून पोटात तयार झालेले साबणासारखे गोळे होते. आणि ज्याच्या पित्ताशयात खरे बारीक खडे आहेत त्याने एवढं तेल एकदम पिऊन पित्ताशयाला जोरात आकसायला लावणं म्हणजे संकट ओढवून घेणं. कुणाचंही मन न दुखवता हा उपाय बाजूला ठेव.

सोनोग्राफी किती वेळा करायची, यावर डॉक्टरांत एकमत नाही. काही औषधपत्रकांत मधून मधून करावी असं आहे. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१४ च्या मार्गदर्शनात म्हटलं, त्रास नसेल तर ठरावीक काळाने करत राहायची गरज नाही, लक्षणं दिसली की करा. माझं मत विचारशील तर औषध सुरू करण्याआधी एक सोनोग्राफी असायलाच हवी. पुढे खडे निघाले तर ते जुने की नवे हे त्यावरून कळतं. नंतरचं तुमच्या डॉक्टरांवर सोडा. रात्रीच्या जेवणानंतर सकाळपर्यंत उपाशी राहून जायचं, चहासुद्धा नको, नाहीतर पित्ताशय आकसलेलं असतं आणि आतलं नीट दिसत नाही. रिपोर्ट हातात आला की तीन ओळी शोध. खडे किंवा गाळ आहे का, पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे का, आणि सीबीडी म्हणजे मुख्य पित्तनळी रुंदावली आहे का. नुसते खडे असतील तर धीर धर. भिंत किंवा नळी यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. रिपोर्ट तारखेवारीने एकाच फाइलमध्ये लाव, इंजेक्शनच्या तारखाही त्यातच लिही.

खडे विरघळवायची गोळी असते, अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. कोलेस्टेरॉलच्या बारीक खड्यांवर ती चालू शकते, पण महिनेन् महिने घ्यावी लागते, आणि सगळ्यांचे खडे जातात असं नाही. काही डॉक्टर देतात, काही देत नाहीत. विचारून बघा.

इंजेक्शन देण्याबद्दल दोन गोष्टी पटकन सांगते. औषध फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. देण्याआधी अर्धा तास बाहेर काढायचं. पावडर आणि द्रव एकत्र केल्यावर लगेच द्यायचं, थांबलं की गुठळी होते आणि सुई अडते. कमरेची बाजू दर वेळी बदलायची. जी नर्स देणार तिने हे औषध आधी कधी दिलं आहे का, हे निःसंकोच विचार. विचारल्याचा राग कुठल्याही चांगल्या नर्सला येत नाही. साखर घरी मोजत राहा. या औषधाने ती कुणाची वाढते, तर कुणाची उतरते.

तुझ्या नणंदेला मासिक पाळी बंद झाल्यानंतर इस्ट्रोजनच्या गोळ्या सुरू आहेत ना? त्यांनीही खड्यांची शक्यता वाढते. तिलाही उजव्या बरगडीखालच्या कळेचं सांगून ठेव.

आणि खडा बोललाच, तर ऑपरेशनला भिऊ नका. वारंवार कळा येत असतील, सूज आली असेल, तर पित्ताशय काढून टाकणं हाच खरा उपाय. पित्ताशय नसलं तरी पित्त थेट आतड्यात उतरतं आणि माणूस नीट जेवतो, पचवतो. पूर्वी पोटावर लांब चीर द्यायचे. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं आपल्या देशातलं पहिलं ऑपरेशन मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली केलं. आता जिल्ह्याच्या गावीही ते रोज होतं. बहुतेक पेशंट दोन-तीन दिवसांत घरी येतात. नळीत खडा अडकला असेल तर तो आधी तोंडातून दुर्बीण घालून, ईआरसीपी करून काढतात. पैशांची चिंता असेल तर ॲडमिट होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि जनआरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. नंतर धावपळ होते. आणि पित्ताशय काढलं म्हणून ते महिन्याचं इंजेक्शन बंद होत नाही, कारण हॉर्मोनचा आजार तसाच आहे. एवढंच, की मग पित्ताशयाच्या खड्यांची काळजी संपते.

पण सर्जनकडे गेल्यावर एक गोष्ट तू स्वतः, तोंडाने, ठळकपणे सांगायची: "यांना ॲक्रोमेगॅली आहे, आणि झोपेत श्वास अडकतो." फाइलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नकोस. या आजारात जीभ मोठी असते, जबडा पुढे असतो, घशातला भाग जाड झालेला असतो. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं. ऐन वेळी कळण्यापेक्षा भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी कळलं तर ते आपली तयारी करून येतात, लागणारी खास साधनं जवळ ठेवतात. ऑपरेशन तातडीचं असेल तरी एवढं सांगायला वेळ असतोच. शेवटचं इंजेक्शन कधी झालं, पुढचं कधी आहे, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या, हेही एका कागदावर लिहून भूलतज्ज्ञांच्या हातात दे. हॉर्मोनच्या डॉक्टरांचा नंबर त्याच कागदावर वर लिही, आणि सर्जनना त्यांच्याशी एकदा बोलायला सांग. जावई रात्री श्वासाचं मशीन लावून झोपतात, तर रुग्णालयात जाताना ते घरून बरोबर न्या, मास्क आणि नळीसकट, कारण भूल उतरल्यानंतरच्या पहिल्या रात्री त्यांना त्याची नेहमीपेक्षा जास्त गरज पडेल.